ताण्याच्या टोकाशी उभी गोजरबाई

गोजरबाई बिचारी नव्हती. हे आधीच सांगून टाकतो, कारण १९२९ साली ती बिचारी आहे असं सोलापुरात छापून आलं आणि त्या मजकुराचे खिळे एकेक करून मीच जुळवले होते.

मी धुळाप्पा, एका छापखान्यात जुळारी, म्हणजे शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवून मजकूर उभा करणारा. गोजरबाई साखर पेठेत आमच्या समोरच राहायची. नवरा महादेवप्पा लुगडी विणायचा, घरात दोन माग होते. कपाळाला रोज विभूती, सोमवारचा उपास, सिद्धेश्वराचं दर्शन, यातलं काही चुकायचं नाही. राजकारणातही घर जुन्या वळणाचं. हरताळ पडला तरी त्यांच्या मागांचा खडखडाट चालूच. चौदाच्या आत मुलीचं लग्न लावायचं नाही, असा लग्नाच्या वयाचा कायदा आला तेव्हा महादेवप्पाने पेठेतल्या सभेत उभं राहून त्याला उघड विरोध केला.

मला तो कायदा हवा होता. माझी धाकटी बहीण नवव्या वर्षी सासरी गेली आणि तेराव्या वर्षी बाळंतपणात गेली. त्यावरून मी गोजरबाईशी कितीदा तरी भांडलो, तिच्याच ओट्यावर बसून, तिचाच चहा पिऊन. सरकार आज पोरीचं वय विचारेल, उद्या चुलीवर काय शिजतंय ते विचारेल, असं तिचं म्हणणं. ती चुकत होती असं मला आजही वाटतं. पण मत तिचं स्वतःचं होतं. सभेतलं नवऱ्याचं भाषणसुद्धा तिनेच त्याच्याकडून दोन दिवस घोटून घेतलं होतं.

आमच्या छापखान्यात 'उगवती' नावाचं सुधारकी साप्ताहिक निघायचं. सभेनंतरच्या अंकात 'अंधारातली घरे' या सदरात महादेवप्पाचं घर आलं. नाव बदललेलं, पण पेठ तीच, माग दोनच, विभूतीचे पट्टेसुद्धा तेच. नवरा काठी घेऊन उंबऱ्यात बसलेला. आणि बायको? 'लग्नानंतर तिने रस्ता पाहिलेला नाही. काही विचारले असता ती फक्त डोळे पुसते.'

तिला कुणी काही विचारलंच नव्हतं. आमच्या गल्लीत संपादकांचं पाऊल कधी पडलं नव्हतं. हे ठाऊक असून मी खिळे जुळवले. पोटाचा प्रश्न होता हे खरं. मजकूर आपल्या बाजूचा आहे म्हणून मला तो जरा गोड लागला, हेही खरं, आणि याचीच मला जास्त लाज वाटते.

अंक पेठेत आला तेव्हा गोजरबाईने तो माझ्याकडून वाचून घेतला. रस्ता पाहिलेला नाही, हे ऐकून तिला हसू आवरेना. अख्खी गल्ली हसली. कारण रोज उजाडायच्या आत ती रस्त्यावरच असायची. विणण्याआधी लुगड्याचा उभा धागा, म्हणजे ताणा, रस्त्याच्या लांबीने ताणतात आणि त्याला कुंच्याने खळ लावतात. याला पांजणी म्हणतात. घरातले, शेजारचे, बाया, गडी, सगळे हात लागतात. टोकाशी एकजण उभं राहून हुकूम सोडतं आणि बाकीचे ऐकतात. आमच्या गल्लीत टोकाशी गोजरबाई. महादेवप्पाचा कुंचा जरा रेंगाळला की शिव्या त्यालाच आधी.

पण हसू फार दिवस टिकलं नाही. मोटारलॉऱ्यांना अडथळा होतो म्हणून गल्लीतली पांजणी बंद करावी, असं म्युनिसिपालिटीत घाटत होतं. त्यासाठी एक कमिटी बसली. पांजणी बंद म्हणजे माग बंद. एवढी लांब जागा घरात कुणाकडे असणार? टोकाशी उभी राहणारी म्हणून बोलायला गोजरबाईच गेली. अर्ज मी लिहिलेला, म्हणून सोबत मीही.

कमिटीतल्या सगळ्यांनी 'उगवती' वाचला होता. पेठ, दोन माग, जुन्या वळणाचं घर, एवढ्यावरून त्यांनी तिला ओळखलं. ती खळीबद्दल बोलली, उन्हाबद्दल बोलली, लॉऱ्या यायच्या आत ताणा गुंडाळून देते म्हणाली. ते तिच्याकडे कळवळ्याने बघत राहिले. कुणी कागदावर एक अक्षर टिपलं नाही. शेवटी एक सभासद अगदी मऊ आवाजात म्हणाले, "बाई, तुम्हाला घरच्यांनी पढवून पाठवलंय, ते आम्हाला समजतं. घाबरू नका." निर्णय आठ दिवसांवर गेला.

आम्ही परतीच्या वाटेला लागलो. ती म्हणाली, "कजाग म्हनले असते तरी चाललं असतं की. बिचारी म्हनले. बिचारीचं कोन ऐकतंय, धुळाप्पा?"

मी तिथेच थांबून कबूल केलं की ते खिळे मी जुळवले. तिने माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं थोबाडीत बसणार. बसली असती तर बरं झालं असतं. ती एवढंच म्हणाली की उद्या पांजणीला तुझ्या संपादकाला घेऊन ये.

संपादक आले, कमिटीतल्या दोघांना घेऊन आले. पीडित बाई तोंड उघडणार या आशेने आले होते. तांबडं फुटत होतं, ताणा पसरलेला, खळ ओली. टोकाशी गोजरबाई, मध्ये महादेवप्पा, हातात लांब कुंचा. संपादकांना बहुतेक तीच ती काठी वाटली. तिच्याकडे लगबगीने जाताना ते सरळ ताणा ओलांडून गेले.

आमच्यात ताणा कुणी ओलांडत नाही. नवरदेवाची वरात असली तरी टोकाला वळसा घालून जाते. गल्ली जागच्या जागी थिजली. त्यांचा बूट अडकला आणि मूठभर धागे तटातटा तुटले. महादेवप्पा रागाने लाल होऊन पुढे झाला. गोजरबाईने नुसता हात वर केला आणि तो थांबला. कमिटीच्या दोघांनी ते पाहिलं.

तिने संपादकांच्या दोन्ही मुठींत तुटलेली टोकं दिली आणि जागचं हलू नका म्हणून बजावलं. खळ वाळायच्या आत धागा सांधायचा असतो. एकेक धागा सांधून होईपर्यंत ते तसेच उभे राहिले, कोपरापर्यंत खळीने माखून. काम संपल्यावर ती म्हणाली, "आता लिवा. गोजरबाई रस्त्यावर उभी असती, आन् तिला त्यो कायदा नगं हाय. दोनी लिवा. एक लिवून दुसरं गाळू नगा."

कमिटीने ऊन चढेपर्यंत पांजणीला मोकळीक दिली. संपादकांनीही लिहिलं, मोकळ्या मनाने चूक मान्य करून लिहिलं. कष्टाळू, करारी, गल्लीला वळण लावणारी बाई. पण दुसरं वाक्य गाळलं. अशी बाई कायद्याच्या विरुद्ध असेल, हे त्यांच्या लेखणीतून उतरेना.

शेवटचं मुद्रित तपासून ते जेवायला गेले. मला तो कायदा हवा होता. माझी बहीण मला रोज आठवायची. तरी मी शेवटच्या ओळीखाली खिळे बसवले: 'आणि तिला तो कायदा नको आहे.' अंक बाहेर पडला त्याच दिवशी माझी नोकरी गेली.

संध्याकाळी ओट्यावर बसून मी तिला सगळं वाचून दाखवलं. शेवटचं वाक्य तिने दोनदा वाचायला लावलं. मग आत जाऊन चहा घेऊन आली आणि माझ्यासमोर पाय दुमडून बसली.

"हां," म्हणाली, "आता बोल. कायद्याचं काय म्हनत हुतास?"