दमानं

धाकटी आज पहिल्यांदा कामावर गेली. दुपारची भांडी आवरून झाली, सासूबाई आडव्या झाल्या आणि घर इतकं गप्प झालं की मोरीतल्या नळाचा थेंबही ऐकू येतो आहे. एरवी दिवसाच्या दोन ओळी लिहिते. धाकटी त्या दोन ओळींत कधी मावली नाही, म्हणून आज सलग लिहिते.

धाकटी म्हणजे माझी जाऊ. तिचा नवरा, माझे धाकटे दीर, अग्निशमन दलात होते. गेल्या उन्हाळ्यात एका गोदामाला आग लागली. भाऊजींनी आतून एकाला बाहेर आणलं, दुसऱ्यासाठी परत आत गेले आणि धुरानं त्यांना गाठलं. अंगावर भाजल्याची एक खूण नव्हती. झोपल्यासारखे दिसत होते. डॉक्टर म्हणाले, गुदमरून गेले. धाकटी रडली नाही. तिनं डॉक्टरांना एवढंच विचारलं, "पण हे तर कितीतरी वेळ दम धरायचे ना?" डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, धक्क्यानं काहीबाही बोलते आहे.

त्या दिवसापासून ती देवापुढे आली नाही. पूर्वी वाती तीच वळायची. आता सकाळी मी दिवा लावून देवाचं नाव घ्यायला बसले की ती त्या कोपऱ्याकडे पाठ करून भाजी चिरायची. देवाशी भांडण ज्याचं त्यानं करावं, तिसऱ्यानं मधे पडू नये.

पुढे दलातून माणूस आला. भाऊजींच्या जागी तिला घ्यायची तयारी होती. काम कंट्रोल रूममधलं, आगीचे फोन घ्यायचे आणि बंब कुठं पाठवायचा ते कळवायचं. पण भरती म्हणजे भरती, पळण्याची चाचणी सगळ्यांना सारखी. मैदानाच्या ठरलेल्या फेऱ्या ठरलेल्या वेळात. संधी दोन.

सासूबाईंना काही ते पटेना. "फोन उचलायला पळायला कशाला लागतं? फोन काय पळून जातोय?"

तिकडून धाकटीच्या भावाचाही निरोप आला होता, तिला घेऊन जातो म्हणून. इथं आता तिचं कोण आहे, असंही तो म्हणाला. माझ्या जिव्हारी लागलं ते. त्या दिवशी भांडी घासता घासता धाकटी म्हणाली, "ताई, दादा वाईट नाही. पण तिकडे मी कायमची पाहुणी. मला इथंच राहायचंय, आणि नुसतं बसून नाही राहायचं. पास झाले तर त्याला तोंड वर करून नाही म्हणता येईल. नापास झाले तर काय सांगू?"

"होशील," मी म्हटलं. बस सोडली तर जन्मात ती कशाच्या मागं पळाली नव्हती, हे दोघींनाही माहीत होतं.

तिला तयार करायचं काम शिडीमास्तरांनी अंगावर घेतलं. नव्या पोरांना शिडी चढायला तेच शिकवतात आणि दिसतातही शिडीसारखेच, उंच आणि हडकुळे, म्हणून ते नाव. भाऊजीही त्यांच्याच हाताखाली तयार झालेले. केंद्राच्या मागं मैदान आहे. रोज सकाळी धाकटी पळायची आणि मी कडेच्या पायऱ्यांवर जपमाळ घेऊन बसायची.

पहिल्याच दिवशी ती अशी सुटली की मास्तर ओरडले, "अहो वहिनी, हळू! कुठं आग लागलीय?" आणि बोलून गेल्यावर त्यांनी जीभ चावली. धाकटी थांबली नाही. पायात तिच्या भाऊजींचे कॅनव्हासचे बूट होते, पुढं चिंध्या कोंबलेले. तिच्या मापाचे आणा म्हणून मास्तरांनी दोनदा सांगितलं. तिनं मान हलवली आणि तिसऱ्या दिवशी तेच बूट घालून आली.

रोज एकच प्रकार. सुरुवातीला बाणासारखी जायची. पहिलं वळण संपेपर्यंत चेहरा जांभळा, ओठ घट्ट मिटलेले. मास्तर मैदानाच्या मधून हात हलवत ओरडायचे, "दम धरा, वहिनी, दम धरा!" ते ऐकलं की ती आणखीच ताठ व्हायची, आणि मग बरगडीखाली हात दाबून मटकन बसायची. नडग्या इतक्या दुखायच्या की घरी जिना बसत बसत उतरायची. तरी रोज जायची. एक दिवस चुकला तर सगळं वाया जाईल, अशी भीती.

पहिल्या चाचणीत तिसऱ्या फेरीला ती पडली. कुणी ढकललं नाही, कशात पाय अडकला नाही. नुसती पडली. आणि त्याच आठवड्यात दादाचा फोन आला, की दुसरी चाचणी झाली की येतो, बॅग भरून ठेव.

त्या संध्याकाळी मी तिच्या पायांवर कोमट पाणी घालत होते. म्हटलं, "मास्तर एवढे घसा फोडून सांगतात, दम धर, दम धर. जरा ऐकावं की त्यांचं."

ती चिडली. "धरते ना, ताई! तोंड मिटून धरते. वळणापर्यंत धरता येतो, मग छाती फुटायला होते. मी काय करू?"

तांब्या माझ्या हातात तसाच राहिला. "अगं, श्वास धरतेस? पळताना?"

"मग दम धरणं म्हणजे काय?" ती म्हणाली. आणि मग एकेक सांगायला लागली. भाऊजी सुट्टीच्या दिवशी बादलीत तोंड बुडवून बसायचे. तिला म्हणायचे, मोज. ती मोजायची, घाबरायची, त्यांच्या पाठीवर बुक्क्या मारायची. ते निथळत वर यायचे आणि हसायचे. "म्हणायचे, दम धरता आला की माणूस धुरातून बाहेर येतो. आमच्या खोलीत त्या शब्दाचा दुसरा अर्थच नव्हता, ताई."

तेव्हा कुठं मला तिचा डॉक्टरांना विचारलेला प्रश्न कळला. सबुरीनं घे, असं मास्तर सांगत होते. आणि ही बाई मोकळ्या मैदानात, स्वच्छ हवेत, रोज सकाळी भाऊजींच्या वाटचा श्वास कोंडून धरत होती. त्यांचेच बूट घालून.

दुसऱ्या दिवशी मी मास्तरांना सांगितलं. ते पायरीवर माझ्याशेजारी बसले, टोपी काढली आणि तिची कड बोटांनी चाचपली. मग धाकटीला हाक मारली. "वहिनी, दम धरायला त्याला मीच शिकवलं. पण तो फक्त धुरात धरायचा असतो. इथं सोडायचा. तुम्ही सोडा, आत यायचा तो आपोआप येतो."

तिथून पुन्हा श्रीगणेशा. आधी तिच्या मापाचे बूट आले. भाऊजींचे तिनं पुसून कपाटात ठेवले. मग मास्तरांनी पळणं जवळजवळ बंदच केलं. थोडं पळायचं, थोडं चालायचं, पुन्हा थोडं पळायचं. एक दिवस पळलं की दुसरा दिवस विश्रांती. "पाय पळताना झिजतात, वहिनी, तयार होतात ते बसल्यावर." आणि पळायचं तेही इतकं हळू, की तोंडानं बोलता आलं पाहिजे. बोलणं तुटलं की चालायला लागायचं.

"बोलू काय पण?" धाकटीनं विचारलं.

"काहीही बोला. सासूची गाऱ्हाणी सांगा. भरपूर पुरतील."

मी म्हटलं, "नाव घे." तिनं माझ्याकडे एकदा पाहिलं. आणि पळायला निघाली.

हळू पळायची तिला लाज वाटायची. काठी घेऊन फिरायला येणारे एक आजोबा तिला मागं टाकून गेले आणि वळून म्हणाले, "ये पोरी, ये सावकाश. मी थांबतो पुढं." मला हसू आवरेना. पण हळूहळू चालणं कमी होत गेलं आणि पळणं वाढत गेलं. नडग्यांचं दुखणं गेलं. मग मास्तरांनी आठवड्यातून एक दिवस वेगाचा ठेवला. एका खांबापासून दुसऱ्यापर्यंत जोरात, मग दम खात परत यायचं, पुन्हा जोरात. बाकीचे दिवस आपले सावकाशीचे. वेग एका दिवसात मागायचा नाही, तो येतो मागनं, असं मास्तर म्हणायचे.

आणि पळताना तिचे ओठ हलत होते. पायऱ्यांवरून शब्द ऐकू यायचे नाहीत, पण एका लयीत हलायचे. मी मनातून हात जोडले. घरी सासूबाईंना हळूच सांगितलं, "नाव घेते हो ती पळताना." त्यांनी पदरानं डोळे पुसले. "रुसवा गेला म्हणायचा," म्हणाल्या.

दुसऱ्या चाचणीला मैदान भरलेलं होतं. तरुण पोरं, पोरी, सगळे तिच्याहून लहान. शिट्टी झाली आणि सगळे सुसाट सुटले. धाकटी सगळ्यात मागं राहिली. पहिली फेरी संपली तरी मागंच. माझ्या हातातली माळ पुढं सरकेना. कुणीतरी म्हणालं, "त्या बाईंना कशाला उतरवलंय?" मास्तर काहीच ओरडत नव्हते. नुसते घड्याळाकडे आणि तिच्याकडे बघत होते. दुसऱ्या फेरीत पुढच्यांतले काही कंबरेवर हात ठेवून चालायला लागले. ती त्यांच्या शेजारून गेली. मग आणखी दोघांच्या. तिचा वेग वाढला नव्हता, तो फक्त मोडत नव्हता. ज्या जागी ती मागच्या वेळी पडली होती तिथं मी डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा ती पुढं निघून गेलेली.

शेवटच्या वळणावर मी मैदानाच्या कडेच्या दोरीला चिकटून उभी राहिले. आता ती जोरात पळत होती, खांबाखांबाच्या सरावासारखी. माझ्या अगदी जवळून गेली आणि तिचा शब्द मला स्वच्छ ऐकू आला.

"सोड... सोड... सोड..."

एवढाच. प्रत्येक श्वासाला एक.

मास्तरांनी घड्याळ डोळ्याजवळ धरलं, मग लांब धरलं. "बसली," म्हणाले, "वेळेत बसली!" मी घरी फोन लावला आणि ओरडले, "बसली हो, सासूबाई!" पलीकडून त्या घाबरून म्हणाल्या, "बसली? अगं मग उठव तिला! सांग, थोडंच राहिलंय!"

परत येताना बसमध्ये धाकटी खिडकीशी होती. मी काही विचारलं नव्हतं. तीच म्हणाली, "ताई, ऐकलंत ना तुम्ही? नाव नव्हते घेत. नाही येत अजून तोंडात. राग आला?"

मी नाही म्हटलं, आणि खरंच नव्हता. तिच्या मुठीत कुणाचा हात होता ते मला माहीत होतं. तो सोडायला सांगणारा शब्द देवानं नुसता ऐकलाच असेल, की दिलाही असेल, ते त्याचं त्याला ठाऊक.

दादाला फोन तिनंच केला. "ये ना," म्हणाली, "पण राहायला ये. न्यायला नको."

आज सकाळी गणवेश घालून उंबऱ्याशी उभी राहिली. देवाच्या कोपऱ्याकडे तिनं आजही पाहिलं नाही. सासूबाई नेहमीच्या सवयीनं म्हणाल्या, "दमानं जा गं." धाकटी पायरीवर थबकली. तो शब्द तिला नव्यानं लागला असावा. मलाही लागला. दमानं म्हणजे हळू, एवढंच आम्ही समजत आलो.

"हो आई," ती म्हणाली, "दमानंच जाते." आणि जिना उतरून गेली.