पदराला बांधलेल्या गोळ्या

आमचा जिल्हा तेव्हा चांदा म्हणून ओळखला जायचा आणि कुरखेड्याकडच्या एका लहान दवाखान्यात मी कंपाउंडर होतो. बाजाराच्या दिवशी एक बाई हमखास यायची. तिचं नाव आज आठवत नाही, पदराची गाठ मात्र आठवते.

तिचा नवरा मोहाची दारू प्यायचा. त्याच्या पोटात आग आग व्हायची. तो स्वतः कधीच आला नाही. डॉक्टर तिलाच बजावायचे, "आधी दारू सोडायला सांग," आणि ताकदीच्या पिवळ्या गोळ्या द्यायचे. त्या ती पदराला बांधायची, गाठ दातांनी आवळायची, दारापर्यंत जायची आणि परत यायची.

"भाऊ, यानं आतडे वाचतीन ना?"

एकदा मी विचारलं, "नेमानं घेतो का गोळ्या?"

"एकबी चुकवत नाई." तिचा चेहरा जरा उजळला. "दारूतच घोटून देतो मी."

मी हादरलोच. "अहो बाई, दारूत नाही! जेवणानंतर द्यायच्या. निदान भाताची पेज पाजून तरी."

तिनं गाठ सोडली, गोळ्या न्याहाळल्या आणि पुन्हा बांधल्या.

"पेज पाजली का ओकून टाकते. पोटात रायते ते दारूच, भाऊ. मंग औषध कशासंगं देऊ?"



त्यानंतर बाजाराच्या दिवशी ती दारात दिसली, की मी आधी तिच्या कपाळावरचं कुंकू पाहायचो. मगच गोळ्यांची बरणी काढायचो.