जाऊबाईंनी भरलेले आकडे

आमच्या जाऊबाईंचा नेम एकच, वस्तू जिथली तिथे. कुणी खुर्ची हलवली की त्या मुकाट्याने परत जागेवर सरकवतात. माझी वाकडी पडलेली चप्पलसुद्धा त्यांच्या तावडीतून सुटत नाही. माणूस सोन्यासारखं, पण त्या दिवशी त्यांनी माझं डोकं फिरवलं.

लग्नाआधी ताई, म्हणजे या जाऊबाई, एका वकिलाकडे टायपिस्ट होत्या. मग घर, मुलं, सासूबाईंचं आजारपण, त्यात टायपिंग राहिलं ते राहिलंच. आता कुठे एका ऑफिसने घरबसल्या नोकरीसाठी परीक्षा ठेवली होती, दुपारची. अट अशी, की कॉम्प्युटरला तारेचं नेट हवं. आणि नेमकी आदल्याच दिवशी दादांनी, म्हणजे माझ्या मोठ्या दिरांनी, इंटरनेटची कंपनी बदलली. मोबाइलवर नेट पळतंय आणि कॉम्प्युटरवर ठणठण गोपाळ.

दादा टेबलाखाली शिरले. तार काढली, फुंकली, लावली. दुसरी तार आणली, तरी तेच रडगाणं. शेवटी गुडघे झाडत उठले. "जाऊ दे गं, या वयात कसली नोकरी," असं म्हणून पेपर उघडून बसले. ताईंचा चेहरा एवढासा झाला. ते मला बघवेना.

मी नव्या कंपनीला फोन लावला. पलीकडची मुलगी शहाणी निघाली. जुनी कंपनी प्रत्येक घराला नेटच्या पत्त्याचे ठरावीक आकडे द्यायची आणि ते कॉम्प्युटरमध्ये हाताने भरावे लागायचे. नवी कंपनी आपले आकडे आपोआप पाठवते. म्हणजे जुने पुसायचे आणि 'ऑटोमॅटिक' निवडायचं. मी तसं केलं, कॉम्प्युटर बंद करून चालू केला आणि चहा टाकायला गेले. येऊन बघते तर नेट नाहीच. पुन्हा फोन, पुन्हा तेच सगळं. या खेपेला चहा घेऊन दारात आले तर ताई कॉम्प्युटरसमोर बसून तोंडपाठ आकडे भरत होत्या.

"ताई, हे काय चाललंय?"

"अगं, कोणीतरी आकडे सारखे पुसतंय. जुनं नेट घेतलं तेव्हा मीच भरले होते, मघाशीही मीच भरले परत."

मी कपाळावर हात मारून घेतला. "मीच पुसतेय. जुन्या कंपनीचे आहेत ते. नवीला नाही चालत."

ताई पडद्याकडे बघत राहिल्या. "म्हणजे दोन्ही वेळा माती मीच खाल्ली?"

"तुम्हीच."

त्यांना हसू आवरेना, आणि मग मलाही. "हो बाजूला, मीच निस्तरते," म्हणाल्या. एकेक आकडा पुसला, ऑटोमॅटिक निवडलं. पडद्याच्या कोपऱ्यातली, नेट नसल्याची लाल फुली गेली आणि ऑफिसचं पान उघडलं.

मग काय सांगू. बोटं अशी चालली की बाहेर दादांचं पेपरात लक्ष लागेना. मी दाराशीच उभी होते. ताई पास झाल्या आणि ऑफिसने तिथल्या तिथे विचारलं, आजच सुरू करता का. ताईंनी 'हो' लिहिलं तेव्हा माझेच डोळे भरून आले.

थोड्या वेळाने दादा दारात आले. "अगं, जेवायचं काय?"

"सगळं ओट्यावर आहे, वाढून घ्या. मी कामावर आहे," ताई मान न वळवता म्हणाल्या.

दादा माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, "माझंही वाढा."