अक्कासाठी बांधलेला सूर

विषमज्वरातून अक्का उठली, पण कान गमावून. ताप उतरला, गळालेले केस पुन्हा आले, अंगात हळूहळू ताकद आली. ऐकू येणं मात्र परत आलं नाही. डावा कान पुरता गेला होता. उजव्या कानाशी तोंड नेऊन मोठ्यानं बोललं, तर कुठेतरी काहीतरी हललं, एवढंच तिला कळे.

अक्का माझी थोरली बहीण. तिला सिन्नरला दिली होती. आमचे दाजी तिथल्या कचेरीत कारकून होते. आजारपणात औषधपाण्यासाठी तिला नाशकात आमच्याकडे आणलं आणि मग ती इथंच राहिली, कारण डॉक्टर बदलत होते आणि प्रत्येक जण थोडी आशा दाखवत होता. दाजी रविवारी सर्व्हिस मोटारीनं येत. तिच्यासमोर बसत, पाटीवर दोन ओळी लिहीत, ती वाचून उत्तर देई. संध्याकाळी ते परत जात. त्यांचं अक्षर फार वळणदार होतं, पण पाटीवर लिहायचं काय हे त्यांना सुचत नसे.

लग्नाआधी अक्का गाणं शिकली होती. वडील होते तोवर शिकवायला बुवा घरी येत. सासरी दाजींना त्यातलं काही कळत नसे, तरी त्यांनी तिचा तानपुरा हौसेनं सिन्नरला नेला होता. आजारपणात तिच्याबरोबर तोही परत आला आणि गवसणीत माजघराच्या कोपऱ्यात उभा राहिला. एका दुपारी मी कामावरून लवकर आलो, तेव्हा अक्कानं गवसणी उतरवली होती. भोपळ्यावर गाल टेकून ती एकेक तार छेडत होती आणि डोळे मिटून वाट पाहत होती. मला पाहिल्यावर तिनं गवसणी पुन्हा चढवली.  

मी तारऑफिसात होतो. दिवसभर यंत्राची कटकट ऐकून तिची अक्षरं करायची, हे माझं काम. कानावर माझं पोट होतं. त्याखेरीज मला बिनतारी यंत्राचा नाद होता. वाचनालयातली इंग्रजी मासिकं वाचून मी एक संच जुळवला होता, त्यावर मुंबईचं स्टेशन अधूनमधून लागे. काचेचा एक व्हॉल्व्ह, लहान दिव्यासारखा, इतक्या लांबून आलेला क्षीण आवाज मोठा करून माझ्या कानात घालत होता. मग घरातल्या घरात, आईच्या तोंडून निघालेला शब्द तो अक्काच्या कानात का घालू शकणार नाही, असा विचार माझ्या मनात आला आणि तिथून हलेना.

देवळालीच्या छावणीतला मोडीत निघालेला माल बाजारात विकायला येई. त्यात मला टेलिफोनचा जुना तोंडाशी धरायचा भाग मिळाला. आत कोळशाची भुकटी असलेली डबी, बोललं की भुकटी दबते आणि वीज कमीजास्त होते. कानाला लावायचा फोन माझ्याकडे होताच. आमच्या गल्लीत वीज आली नव्हती. शिशाच्या पत्र्याची, आम्लाची बॅटरी मी भद्रकालीजवळच्या एका गॅरेजातून भरून आणी. आम्लाच्या थेंबांनी माझ्या धोतरांना भोकं पडली आणि आईनं ती रफू केली.

यंत्र जुळलं, पण मुकं. मी एका टोकापासून शोध घ्यायला लागलो. फोनला बॅटरीच्या तारा नुसत्या टेकवल्या की टिक आवाज येई, म्हणजे फोन ठीक. व्हॉल्व्हच्या पोटात मंद तांबडा उजेड दिसे, म्हणजे व्हॉल्व्हही जिवंत. डबीतून वीज वाहत होती. उरला डबी आणि व्हॉल्व्ह यांच्यामधला ट्रान्सफॉर्मर, म्हणजे तारेची गुंडाळी. तो उघडला, तर केसासारखी तार कथलाचा डाग देऊन जोडलेल्या जागी हिरवी पडून तुटली होती. मी डाग देताना नवसागर वापरला होता. तांब्याच्या भांड्याला तो चालतो, इतक्या बारीक तारेला तो खातो. मासिकात राळ वापरा असं लिहिलेलं मी वाचलं होतं आणि सोडून दिलं होतं.

राळेसाठी मी दूध बाजारात एका पेटीवाल्याकडे गेलो. बाजाच्या पेट्या बनवणारे हे मुसलमान गृहस्थ वयानं माझ्या वडिलांएवढे. सारे त्यांना चाचा म्हणत. सारंगीच्या गजासाठी ते राळ ठेवत. मी ती कशाला नेतो हे त्यांनी विचारलं, तेव्हा मी सगळं सांगितलं. अक्काच्या बुवांची पेटी तेच दुरुस्त करत आणि लहानपणी तिथं आलेली अक्का त्यांना आठवत होती. यंत्र चालू झालं की मला बोलाव, एवढंच ते म्हणाले.

नवी तार गुंडाळून, राळेनं डाग देऊन मी संच पुन्हा जुळवला. अक्का समोर बसली. फोन उजव्या कानामागच्या हाडावर घट्ट दाबून धर, असं मी पाटीवर लिहिलं. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. मी बोलायची डबी उचलली आणि नकळत ती फोनच्या फार जवळ नेली. यंत्र किंचाळायला लागलं. फोनमधला आवाज डबीत, डबीतला पुन्हा फोनमध्ये, असं फिरत जाऊन एकच तीक्ष्ण शीळ उठली. मी घाबरून बॅटरीची तार ओढायला गेलो, तर अक्कानं माझं मनगट धरलं.

"थांब, राहू दे," ती म्हणाली. ती पुष्कळ वेळ ऐकत राहिली. मग म्हणाली, "हा गंधार आहे."

तिच्या स्वतःच्या षड्जापासून मोजलेला वरच्या सप्तकातला गंधार. ऐकू येणं गेल्यापासून तिनं एकही सूर ऐकला नव्हता, तरी षड्ज तिनं मनात जपून ठेवला होता. आई दारातच खाली बसली आणि पदरानं डोळे पुसू लागली. मला आनंद झालाच, पण त्याहून धास्तीच जास्त वाटली. हे सगळं एका बारीक तारेवर टेकलेलं होतं.

रविवारी दाजी आले. मी त्यांच्या हातात डबी दिली आणि बोला म्हटलं. मोटारीत बसून काय बोलायचं ते त्यांनी ठरवून आणलं असावं, कारण त्यांनी घसा साफ केला, उपरणं सारखं केलं. पण तोंडून निघालं ते, "जेवलीस का?" एवढंच. अक्का हसली. "जेवले," म्हणाली, आणि मग तिला रडू आवरेना. मी बाहेर ओटीवर जाऊन बसलो. आत दाजी बराच वेळ बोलत होते. इतकं बोलताना मी त्यांना पूर्वी कधी ऐकलं नव्हतं.

बोलणं जमलं, पण गाणं जमेना. अक्कानं तानपुरा डबीपाशी लावून पाहिला. कोळशाच्या भुकटीतून जाऊन त्याचा आवाज पत्र्यावर खडे ओतल्यासारखा येई. स्वतःचा आवाज ऐकला तेव्हा तिनं फोन खाली ठेवला आणि दोन्ही हात मांडीवर घेऊन बसून राहिली. मग म्हणाली, की त्या दिवशीची शीळ मात्र स्वच्छ होती. तसा एकच सूर, नुसता षड्ज, सतत देता येईल का? बाकी मी मनात ऐकेन.

तिचं म्हणणं बरोबर होतं. व्हॉल्व्हमधून बाहेर पडलेली वीज ट्रान्सफॉर्मरमधून पुन्हा त्याच्याच तोंडाशी नेली, की तो स्वतःहून एक सूर धरतो. डबी, भुकटी कशाचीच गरज नाही. मी दुसरा व्हॉल्व्ह, दुसरा ट्रान्सफॉर्मर आणि दुसरा फोन मिळवला, चहाच्या पुड्यातली वर्खी आणि मेणकागद एकावर एक गुंडाळून वीज साठवायचा कंडेन्सर केला, सगळं जोडलं. पुन्हा मुकं. या वेळी मी घाबरलो नाही. ट्रान्सफॉर्मरच्या एका बाजूच्या दोन तारांची अदलाबदल केली, आणि फोन गाऊ लागला.

सूर कमीजास्त करण्यासाठी हवा तेवढा विजेचा अडथळा विकत मिळेना, म्हणून मी जाड कागदावर पेन्सिलीची रेघ ओढली आणि तिच्या दोन टोकांना तारा चिमटवल्या. रेघ गडद केली की सूर चढे, खोडरबरानं फिकट केली की उतरे. चाचा पेटी घेऊन घरी आले. ते डबीपाशी काळी चारचा, म्हणजे अक्काच्या षड्जाचा, सूर धरून बसले, म्हणजे अक्काला तो जुन्या यंत्रातून ऐकू येई. एकदा पेटीचा, एकदा यंत्राचा, असे दोन्ही सूर ताडून तिनं स्वतः पेन्सिल हातात घेतली. रेघेवर ती अगदी हलक्या हातानं, रांगोळी भरावी तशी, शिसं भरत गेली. दोन सूर एक झाले तेव्हा तिनं चाचांकडे पाहून मान हलवली. चाचांनीही हलवली. ते यंत्र बसवायला लाकडी पेटीही नंतर त्यांनीच बनवून दिली.

त्यानंतर अक्का रोज सकाळी गायला बसू लागली. कानामागे फोन, समोर ती पेटी. पहिले काही दिवस आवाज चाचपडत होता, मग मोकळा झाला. शेजारच्या बायका ओटीवर येऊन ऐकत. आई कामं उरकताना भांडी हळू ठेवू लागली, जणू अक्काला त्यांचा त्रास होईल.

पावसाळ्यात चाचा एकदा सहज म्हणून आले. अक्का गात होती. ते दाराशी थांबले, आणि त्यांचा चेहरा बदलला. मी जवळ गेलो, तेव्हा त्यांनी हळूच सांगितलं, की सूर खाली गेलाय, आणि अजून जातोय. मला काही कळलं नव्हतं. माझा कान कटकटीला तयार झालेला, सुराला नाही. दमट हवेनं पेन्सिलीचा कागद सादळत होता आणि बॅटरीही उतरत होती. यंत्राचा षड्ज तसूतसूनं घसरत होता. अक्काला दुसरं काहीच ऐकू येत नसल्यामुळे ती त्याच्यामागोमाग, अगदी इमानानं, खाली उतरत होती.

तिला सांगू नये, असं आईचं म्हणणं पडलं. मी कागद मेणात बुडवीन, बॅटरी वेळेवर भरीन, मग तिला कळायचं कारण नाही. चाचा मात्र ऐकेनात. "तिनं आपल्या सुरात गायला शिकायला किती साल घातली," ते म्हणाले. "हे तिच्यापासून लपवायचं नाही, बेटा." त्यांनी दुकानातून बाजाची पेटी आणवली, जुनं यंत्र चालू करायला लावलं आणि डबीपाशी काळी चार धरली. अक्कानं एका हातात एक, दुसऱ्या हातात एक, असे दोन्ही फोन उजव्याच कानामागे दाबले. दोन सूर एकमेकांवर आपटू लागले. तिच्या कपाळावर आठी पडली. कुठला खरा, हे तिनं विचारलं नाही. चाचांच्या बोटाकडे पाहून तिला समजलं.

"किती दिवस?" तिनं मला विचारलं. मी पाटीवर लिहिलं, की मलाही आताच कळलं. ते खरं होतं, तिनं ते मानलं. पण ती उठून आत गेली आणि बरेच दिवस तिनं यंत्राच्या पेटीला हात लावला नाही. मी कागद मेणात बुडवला, बॅटरी भरून आणली, सूर पुन्हा चाचांकडून जुळवून घेतला. ती नुसतं पाहायची.

मग एका सकाळी मी कामावर निघताना तिचा आवाज ऐकू आला. मी परत फिरलो. तिनं गाणं थांबवलं आणि मी काही लिहायच्या आत म्हणाली, "खाली गेला तर जाऊ दे. मैफिलीत थोडीच बसले आहे? तो जाईल तिथं मी जाईन. तुला वेळ झाला की नीट करत जा." तिच्या बोलण्यात कडवटपणा नव्हता. मी होय म्हणून मान डोलावली आणि कामावर गेलो.

दिवाळीनंतर ती दाजींबरोबर सिन्नरला परत गेली. दोन्ही यंत्रं तिनं नेली. मी सुट्टी मिळेल तसा जाऊन बॅटरी बदलून येई. तिचा उजवा कानही हळूहळू चालला होता, हे प्रत्येक खेपेला जाणवे. आधी दाजींचं बोलणं यंत्रातूनही तुटक होत गेलं, मग पाटी पुन्हा बाहेर आली. पुढच्या एका खेपेला मी पेटी उघडून तारा तपासत होतो, तेव्हा तिनं झाकण हातानं बंद केलं.

"आता नको," ती म्हणाली. "आता फक्त हाडाला थरथर कळते. सूर कळत नाही. व्हॉल्व्ह चांगला आहे, दुसऱ्या कशाला लाव."

मी पेटी आणि बॅटरी परत न्यायला बांधून घेतली.  तिनं मला चहा करून आणला आणि आईच्या गुडघ्यांची चौकशी केली.

दाजी मोटारीपर्यंत सोडायला आले. वाटेत त्यांनी सांगितलं, की सकाळी भाकऱ्या करताना ती कधीकधी गाते. आवाज कधी मोठा होतो, कधी मध्येच विरतो, आणि तो सुरात आहे की नाही हे त्यांना सांगता येत नाही. शेजारचे लोक कधी खिडकीतून बघतात. "मला त्यातलं काही कळत नाही," ते म्हणाले. "पण कचेरीला जायला उशीर झाला तरी मी बसून ऐकतो."

मोटार सुटायला वेळ होता. ते उन्हात माझ्याबरोबर उभे राहिले. मग मी चढलो, पेटी मांडीवर घेतली, आणि आम्ल सांडू नये म्हणून बॅटरी दोन्ही पावलांमध्ये घट्ट धरून बसलो. रस्ता खराब होता. नाशिक येईपर्यंत पाय हलवता आले नाहीत.