लांडगीचा फ्लेक्स

नागपूरच्या नंदनवन वस्तीत नानाजींच्या घरी वरच्या खोलीत मी भाड्याने राहतो, म्हणून या प्रकरणाचा साक्षीदार झालो. नाहीतर रामटेकच्या पोराचा रोमशी काय संबंध?

नानाजी खापरखेड्याच्या वीज केंद्रातून निवृत्त झाले. जन्मभर राखेत वावरलेला माणूस आता मातीला लागला. प्राचीन रोमची कांस्य नाणी, मातीच्या थरासकट, ते टपालाने मागवतात. इन्व्हर्टरच्या बॅटरीत टाकायच्या पाण्यात ती आठवडेच्या आठवडे भिजतात. मग बाभळीच्या काट्याने माती टोकरायची. सुईने ओरखडा पडतो, काट्याने नाही. लोक गावाहून तांदूळ आणतात, मी काटे आणतो.

यंदा एका नाण्यावर कुठल्याशा जनावराचं पोट आणि पाय दिसले. नानाजींनी जाहीर केलं की ही रोमच्या दंतकथेतली लांडगी, शहर वसवणाऱ्या दोन बाळांना पाजणारी. नाणेमंडळाच्या सुशीलभाऊंना धीर कुठला! रविवारच्या प्रदर्शनासाठी चौकात फ्लेक्स लागला: ‘रोमची लांडगी नंदनवनात’. शेजारी हात जोडलेले नानाजी.

नानाजींच्या बायकोने, वच्छलाबाईंनी, लसूण सोलता सोलता भिंगातून पाहिलं.

“काहो, हे जनावर तं गुडघे टेकून राहिलं. पाजणारी मादी गुडघे टेकते का कधी?”

तिला रोममधलं काही कळत नाही, असं नानाजी मला जिन्यात सांगून गेले. पण दुसऱ्या बाजूला कोरलेल्या डोक्याभोवती ठिपके उमटू लागले. लांडगीच्या नाण्यावर शिरस्त्राण असतं; डोक्याला मोत्यांची पट्टी नंतरच्या राजांची, आणि त्यांच्या मागच्या बाजूला बरेचदा घोड्यावरून पडणारा स्वार. हे मला नानाजींनीच शिकवलेलं. आता म्हणाले, ते शिरस्त्राणाचे खिळे आहेत. भाडेकरूने मान हलवावी, मी हलवली.

बाळं असायला हवीत तिथे तुरीच्या डाळीएवढी माती उरली होती. काढली तर निकाल, ठेवली तर रविवारपर्यंत लांडगी जिवंत. नानाजींनी काटा खाली ठेवला. जास्त साफ केलं की नाणं मरतं, जुना थर म्हणजे त्याची कातडी, असं दिसेल त्याला सांगू लागले. खरंच आहे ते. फक्त इतके दिवस त्यांना हे सांगताना कोणी ऐकलं नव्हतं.

शनिवारी भाजीला गेले आणि चौकातल्या फ्लेक्सवरच्या स्वतःच्या जोडलेल्या हातांखालून रिकामी पिशवी घेऊन परत आले.

“अवं वच्छला, भिंग आण वं.”

माती निघाली. बाळं नव्हती. घोड्याच्या मानेला लटकून पडत असलेला एक माणूस होता आणि त्याच्यावर भाला रोखलेला शिपाई. वच्छलाबाई हसल्या नाहीत, त्याने नानाजी अधिकच खचले.

रविवारी त्यांनी स्वतःच नाणं भिंगाखाली ठेवलं. सुशीलभाऊंनी वाकून पाहिलं आणि सगळ्यांदेखत विचारलं, लांडगी कुठे गेली.

“घोडा हाय गा, सुशील. अन् वरून पडून राहिला ना, तो मीच.”

मग पडणारे नानाजी पाहायला रांग लागली. लांडगीला एवढी लागली नसती.

फ्लेक्स आता आमच्या गच्चीवर असतो. वच्छलाबाई त्यावर कुरडया वाळवतात. लांडगी पार झाकून जाते. नानाजींच्या तोंडावर मात्र त्या एकही कुरडई टाकत नाहीत.