मामांचं नाक

सिन्नरच्या औद्योगिक वसाहतीत सगळ्यात प्रामाणिक यंत्र कुठलं, असं कुणी विचारलं तर मी आमच्या शेजारच्या मामांच्या नाकाकडे बोट दाखवीन. द्राक्षवेलींची मुळं निरोगी ठेवणारी बुरशी तिथल्या एका कारखान्यात मोठ्या टाक्यांत वाढवतात. ती नीट वाढली की ओल्या खोबऱ्याचा वास येतो, बिघडली की आंबूस. हा फरक मामा झाकणाशी उभे राहून वीस वर्षं सांगत आले. त्या नाकापायी त्यांनी लसूण सोडला, तंबाखू सोडली, लोक अत्तर लावून येतात म्हणून लग्नांना जाणंही सोडलं. मामी मुलाकडे पुण्याला राहायला गेल्या, तेव्हा हे एकटे मागे राहिले. "पोरं टाकीत हायेत, त्यांना कुणाच्या भरवशावर सोडू?" बुरशीला ते पोरं म्हणत. मी कामगार संघटनेची पत्रकं लिहिते; एकदा ताजं पत्रक त्यांना वाचायला दिलं, तर आधी हुंगून म्हणाले, "शाई वली हाय. जरा वाळू दे, रागबी वाळंल."

मग कारखान्यात सेन्सर आले. हंगामभर मामांनी दर तासाला वास घ्यायचा आणि टॅबवर नोंदवायचा. त्या नोंदी टाकीतल्या आकड्यांशी जोडून संगणक शिकणार. मी पेटले. कामगाराचं कसब फुकटात काढून घेतायत, असं पत्रक एकाच बैठकीत लिहून काढलं आणि मामांना म्हटलं, नोंदी चुकीच्या द्या.

"मालकावर राग हाय तुजा, कळलं. पण त्या बुरशीनं तुजं काय घोडं मारलं, पोरी? मी खोटं लिवलं तर पिंपळगावच्या बागंत सडका माल जाईल."

एकही नोंद त्यांनी खोटी केली नाही. एके दिवशी संगणकाने आंबूसपणा त्यांच्या तासभर आधी ओळखला, तर पेढे वाटावेत तसे गल्लीभर सांगत सुटले, "माज्यापेक्षा हुशार निघालं!"

पुढच्याच आठवड्यात टाक्यांच्या खोलीला कार्डाचं कुलूप बसलं, आणि मामांना कार्ड मिळालं नाही. मामांना काढलं नाही. गोदामात खुर्ची दिली, पगार तोच.

परवा ते माझ्याकडे आले. "सायबांना अर्ज लिवून दे. आठवड्यातनं एकदा झाकणापाशी हुबं राहू द्या म्हणावं."

"कारण काय लिहू?"

मामांनी कोरा कागद माझ्याकडे सरकवला. "भेटायला, असं लिव."

कामाचे तास, पगार, भरपाई, सगळ्या मागण्या मला तोंडपाठ आहेत. ही कुठल्याच पत्रकात नव्हती. मी त्यांचाच शब्द लिहिला. उत्तर अजून आलेलं नाही. मामा सुटीच्या दिवशीही इस्त्रीचा शर्ट घालून ओट्यावर बसतात. साहेबांचा फोन आलाच, तर लगेच निघता यावं म्हणून.