वेदीवरचा देवदूत आणि करडईचं तेल

ती घटना मी आजही विसरलेलो नाही. तपास उत्तम झाला, ते मी सांगणारच आहे. पण त्याच तपासात मी एका निरपराध बाईला दोन दिवस चोर ठरवलं होतं, तेही सांगायला हवं.

मी तेव्हा कर्नाटकात हुमनाबादच्या बाजूला एका ठाण्याचा प्रमुख होतो. हद्दीतल्या एका गावात जुनं कॅथलिक चर्च आहे. आत डाव्या भिंतीला सागवानाची छोटी वेदी आणि तिच्या मधल्या फळीवर पंख पसरलेला देवदूत कोरलेला. उपवासकाळाच्या शेवटी मूर्ती जांभळ्या कापडाने झाकायची तिथली रीत आहे. पास्काच्या, म्हणजे ईस्टरच्या सणासाठी कापड काढलं, तर देवदूताची फळीच गायब. फादर फक्त रविवारी गावात येत. त्या दिवशी मात्र ते धावतच ठाण्यात आले.

आम्ही एफआयआर नोंदवून पंचनामा केला. दाराचं कुलूप शाबूत होतं. फळी खिळ्यांऐवजी लाकडी खुंट्यांवर बसवलेली होती. चोराने खुंट्या एकेक करून काढल्या होत्या आणि तिथेच टाकल्या होत्या. म्हणजे त्याच्याकडे किल्ली होती आणि सवडही होती. मी खुंट्या जप्त केल्या.

किल्ली एकाच व्यक्तीकडे असे. साठीची एक विधवा तीस वर्षं चर्चची देखभाल करत होती आणि मागच्या खोलीत राहत होती. गाव तिला अक्का म्हणे. बाईला चौकशीसाठी ठाण्यात बोलवायचं नसतं, म्हणून महिला कॉन्स्टेबल घेऊन मीच तिच्याकडे गेलो. तिच्याशी मराठीत बोललो. आमच्याकडे सरकारी कानडीत विचारलं की माणूस फॉर्म भरल्यासारखं उत्तर देतो.

"किल्ली कुणाला दिली होतीस, अक्का?"

"कुनालाच न्हाई साहेब. माज्या कंबरंलाच असती."

"मध्ये कुठे गावाला गेली होतीस?"

"न्हाई."

खिडकीत अफजलपूरच्या बसचं तिकीट पडलेलं होतं, बायकांना फुकट प्रवासासाठी मिळतं ते शून्य रुपयांचं. दहा दिवसांपूर्वीचं. तिकीट पुढे धरलं, तर तिने तोंडाला पदर लावला. खोटं बोलली म्हणजे चोरी तिनेच केली, असा मी सरळ हिशेब मांडला. दुसऱ्या दिवशीही तासभर माझी जीप तिच्या दारात उभी होती. फादरनी किल्ली काढून घेतली. गावाला एवढं पुरेसं असतं.

तिसऱ्या दिवशी आमच्या खबऱ्याचा फोन आला. हुमनाबादच्या औद्योगिक भागात त्याची चहाची टपरी होती. "साहेब, एक पालिशवाला इथं डोकं धरून बसलाय. पंखवाली फळी हाय म्हनं, पालिशच धरंना तिला."

मी साध्या कपड्यांत गेलो. देवदूत दोन स्टुलांवर आडवा पडला होता, अंगावर चिकट डाग. पॉलिशवाला वैतागलेला. "चार हात मारलो साहेब, सुकंनाच झालंय. कुनीतरी वर्षान्‌वर्षं तेल पाजलंय ह्याला." काम त्याला एका रंगाच्या ठेकेदाराने दिलं होतं. त्याच ठेकेदाराने उपवासकाळात चर्चच्या भिंती रंगवल्या होत्या.

फळीचा फोटो घेऊन मी अक्काकडे गेलो. फळीला तेल कोण लावतं, ते विचारलं. "तेल मीच लावते. दर शनवारी, करडईचं. कापड घातल्यावर तेवढं न्हाई. फादर नको म्हनत्यात, धूळ बसती म्हून. पन वाळवी लागली तर?" मग ती रडायला लागली आणि सगळं बोलली. अफजलपूरला लेकीचं बाळंतपण अडलं होतं. रंगाचं काम थांबू नये म्हणून तिने दोन दिवस किल्ली ठेकेदाराला दिली होती. किल्ली कुणाला द्यायची नाही, असा फादरचा हुकूम होता.

"मग आधी कामून सांगितलं नाहीस?"

"किल्ली गेली की खोली बी जाती साहेब. मग मी कुटं जाऊ?"

ठेकेदार पक्का होता. म्हणाला, फळी जुन्या घराच्या दाराची आहे, हैदराबादकडून आणली. मी विचारलं, मग पॉलिश का धरत नाही? "लाकूड वलं हाय साहेब." चैत्राच्या उन्हात ओलं लाकूड मी तरी पाहिलेलं नाही. जप्त केलेल्या खुंट्या मी त्याच्यासमोर फळीच्या भोकांत एकेक बसवल्या. तिसरी खुंटी चपखल बसली तेव्हा त्याने पाणी मागितलं. पाणी पिऊन कबुली दिली.

कोर्टाच्या आदेशाने देवदूत परत वेदीवर बसला. फादर भला माणूस. त्यांनी अक्काला किल्ली देऊ केली. तिने ती घेतली नाही. मला म्हणाली, "दोन दिस तुमची गाडी माज्या दारात हुबी हुती. सगळ्या गावानं बघितलं. आता मिस्सा सुटल्यावर सगळ्यांसमोर तुमीच सांगा."

कोर्टात मी शेकडो साक्षी दिल्या, वकिलांना पुरून उरलो. पण त्या रविवारी प्रार्थना सुटल्यावर चर्चच्या दारात गणवेशात उभा राहिलो आणि टोपी काढून हातात घेतली. "अक्कांनी चोरी केलेली नाही. चूक माझी झाली," एवढंच बोलता आलं. अक्काने फादरसमोर हात पुढे केला, किल्ली कंबरेला खोचली आणि झाडू घ्यायला आत गेली.

खोटं बोलणारा प्रत्येक जण गुन्हेगार नसतो, हे मी नव्या फौजदारांना नेहमी सांगत आलो. तो काय गमवायला घाबरतोय, ते आधी विचारा. पण मी स्वतः शिकलो ते वेगळंच. संशय घ्यायला आम्ही जीप घेऊन जातो. संशय फिटला, हे सांगायला कुणीच जात नाही. त्यानंतर निवृत्त होईपर्यंत मी जात राहिलो. दर वेळी लाज वाटली, आणि दर वेळी गेलो.